डोहातले बेचाळीस जिताडे

बसा. गळ पाण्यात सोडू नका एवढ्यात. आधी या डोहाची गोष्ट ऐका, मग तुमचं तुमी ठरवा.

दोन वर्सांमागच्या उधाणात कासू गावाच्या खालच्या अंगाला खाडीचा बांध फुटला. सात हातांची खांड पडली आन खारं पाणी एकवीस घरांच्या भातशेतीत शिरलं. काळुरामचं शेत खांडीला लागूनच. यंदा खांड बुजवली नाय तर तिवरांची झाडं रुजणार, मग ती जमीन कायमची खाडीची. बुजवली तरी मीठ धुऊन भात पिकायला तीन पाऊस जाणार. तीन वर्सांनंतरच्या भातासाठी आज चिखल कोण वाहतो? पहिल्या दिवशी काळुराम आन त्याची बायको ठमाबाई, दोघंच.

काळुरामनं डोकं चालवलं. पाण्याच्या जोरानं खांडीच्या आतल्या अंगाला हा डोह पडलेला. भरतीला मासळी आत यायची, ओहोटीला अडकायची. त्यानं गावात सांगितलं, जो चिखल वाहील त्याला त्याच दिवशी मासळीचा वाटा. दुसऱ्या दिवशी एकवीस घरं हजर. अंथरुणाला खिळलेला दत्तात्रेयसुद्धा पाटी घेऊन आला.

पंधरा दिवस काम झालं. काळुरामनं काठीनं मोजलं. खांड सात हातच.

मग एका सकाळी तो लवकर गेला. ठमाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून खांडीत टाकलेला कालचा चिखल परत पाटीत भरत होती. मागं सगळा गाव रांगेत.

"काय करतेस गो?"

"खांड बुजली तर मासळी कुठनं येल? भात तीन वर्सांनी, कालवण आज लागतं." नवरा भलतंच समजंल म्हणून तिनं पुढं सांगितलं, "जो तो आपल्याच पाटीचा नेतोय. दुसऱ्याच्या चिखलाला कुणी हात नाय लावला."

काळुराम भांडला नाय. कालवण तोही खात होता. त्यानं कोळीवाड्यातल्या जनूकडनं जिताड्याची बोटभर पिल्लं आणली, बेचाळीस. सगळ्यांसमोर मोजून डोहात सोडली आन खांडीला जाळं लावलं.

"घरटी दोन," तो बोलला. "तीन वर्सांत हातभर होतील. आता भांगाची भरती हाय, पाणी कमी, जाळं टिकंल. आठ दिवसांनी उधाण. तवा खांड उघडी राहिली, तर जाळ्यासकट गेली खाडीत."

भात कुणाला दिसत नव्हतं. पिल्लं दिसत होती, आन ज्याला त्याला त्यातली आपली दोन ओळखू येत होती. सहाव्या दिवशी खांड बुजली.

त्याला दोन पाऊस झाले. ठमाबाई रोज येऊन डोहात बघून जाते. नवा भात आन जिताडा एकाच चुलीवर चढवायचा, म्हणते.

तिसरा पाऊस बाकी हाय. तेवढा तो गळ पिशवीत घाला.