हिरवं अंडं कुणाचं

मी अंडी घालायचा खोका बोलतोय. हसू नका. एके काळी माझ्या पोटात टीव्ही होता, पुढे सरकती लाकडी दारं होती आणि डोक्यावर फुलदाणी. भिंतीवर टांगायचा पातळ टीव्ही आला आणि माझी रवानगी परसात झाली. मालकीणबाईंनी आत पेंढा अंथरला आणि एक दार अर्धं ओढून ठेवलं, कारण कोंबड्यांना आडोसा लागतो.

माझे मालक न्हावी, त्यांचं स्वतःचं छोटं सलून. बाई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या. दोघं सकाळी जात ते दिवेलागणीलाच परत येत. दिवसभर परसात मी, एक कोंबडा आणि दोन कोंबड्या.

त्या दोघी बाईंच्या माहेरच्या. बाईंच्या दादाला कोंबड्यांचं भारी वेड. नाना जातींची सरमिसळ करत, वर्षानुवर्षं जोड्या जुळवत त्याने फिकट हिरवी अंडी देणारी पैदास तयार केली होती. तो अचानक गेला. घर विकलं गेलं, कोंबड्या ज्याला हव्या त्याने नेल्या. बाईंच्या हाती लागली ती दोन पिल्लं. त्यातली एक मोठी होऊन साधीसुधी निघाली, भुऱ्या रंगाची, बसक्या तुऱ्याची. दुसरी भारी ऐटबाज. हनुवटीखाली पिसांची दाढी, गालांवर कल्ले.

एका संध्याकाळी बाईंना माझ्यात दोन अंडी सापडली. एक तपकिरी, एक हिरवं. हिरवं हातात घेऊन त्या तिथेच मटकन खाली बसल्या आणि रडल्या. "दादाचा रंग आहे हो हा," एवढंच म्हणाल्या.

पण ते घातलं कुणी? दोघी माझ्यातच बसायच्या, एक उठली की दुसरी, आणि तेव्हा घरी कुणी नसे. मला ठाऊक होतं. भुरी गुपचूप यायची, हिरवं अंडं घालायची आणि निघून जायची. दाढीवाली तपकिरी घालायची आणि तासभर गाव डोक्यावर घ्यायची.

"त्या दाढीवालीचंच आहे," मालक म्हणाले. "हिरव्या अंड्याच्या जातीला दाढी असते, असं ऐकलंय मी."

"अहो, पण या दोघी मिश्र आहेत. कुणात काय उतरलंय कुणास ठाऊक. रविवारी मी समोर बसून बघते."

"अगं, जन्म गेला माझा दाढ्या करण्यात. आता मला तू दाढी ओळखायला शिकवणार?"

बाई हसल्या. माझ्या मात्र पेंढ्यात काटे उभे राहिले.

मालकांचा हेतू चांगला होता, हेच तर दुःख आहे. त्यांना बाईंच्या दादाची पैदास शुद्ध ठेवायची होती. तपकिरी अंड्याची कोंबडी गेली, की पिल्लं सगळी हिरव्याचीच निघतील, असा त्यांचा हिशेब. रविवार उजाडायच्या आधीच, एका दुपारी ते सलूनमधून लवकर आले. भुरीला पिशवीत घातलं आणि एका गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. त्याच्याकडे पाहुणे यायचे होते.

त्या सकाळी भुरीने माझ्यात हिरवं अंडं घातलं होतं. परत आल्यावर मालकांनी ते उचललं, आणि बाई दमून घरी आल्या तेव्हा त्यांच्यापुढे त्याचं गरमागरम आम्लेट ठेवलं. "खा गं. आता रोज हिरवंच!"

दुसऱ्या दिवशी माझ्यात एकच अंडं होतं. तपकिरी. त्याच्या पुढच्या दिवशीही तपकिरी. मालक म्हणाले, बिथरली असेल, एकटी पडलीय ना. आठवड्याने त्यांनी ते म्हणणंही सोडलं. गिऱ्हाइकाकडे धावत गेले आणि रिकाम्या पिशवीसारखे परत आले.

"ते शेवटचं अंडं उबवायला तरी ठेवलं असतं," बाई म्हणाल्या. "मी खाल्लं हो ते. मीठ कमी आहे म्हणाले मी." त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मालकांना बरं वाटलं असतं.

मालकांनी मग कुठून कुठून चौकशी करून लांबून हिरवी अंडी आणली, खुडूक बसलेल्या दाढीवालीखाली ठेवली. पिल्लं निघाली, वाढली. परवा त्यातल्या एकीने माझ्यात पहिलं अंडं घातलं, चांगलं गडद हिरवं. मालक ते ओंजळीत धरून घरात धावले.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या. त्यांनी ते उजेडात फिरवून फिरवून पाहिलं आणि इतर अंड्यांच्या टोपलीत ठेवून दिलं.

आता माझी तळाची फळी कुजलीय, फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्या परसात कोंबड्या असतील तर माझं एवढं ऐका. दाढ्या बघा, तुरे बघा, पण कुणाला पिशवीत घालण्याआधी एक दिवस काम बुडवून खोक्यासमोर बसा. माझं दार अर्धं उघडंच होतं हो. मला जन्मात एकच शब्द बोलता आला असता, तर त्या दुपारी मी म्हणालो असतो, "भुरी."