ठमीच्या नावाचा पिक्चर

भगीरथ मेंगाळचा गुन्हा एवढाच, की मालिकेच्या सेटवर चौदा-चौदा तास काम करणाऱ्या माणसांसाठी तो भर बैठकीत उभा राहिला. ज्यांच्यासाठी उभा राहिला, ते मात्र बसून राहिले. नऊशे भाग लिहिलेल्या या लेखकाचं नाव निर्मात्यांच्या काळ्या यादीत गेलं आणि त्याचा फोन कायमचा गप्प झाला. शेवटी तो डोळखांबजवळच्या आपल्या पाड्यावर परतला आणि थोरल्या वहिनीच्या ओटीवर बसून एका पिक्चरची पटकथा लिहिली. ती विकली गेली, पण वहिनीच्या नावावर. लेखिका: ठमी कोंडू मेंगाळ!

सगळं सुरळीत चाललं होतं. अर्धा पिक्चर शूट झाला आणि दिग्दर्शिका मनस्वी थेट लेखिकेला भेटायला दारात हजर झाली.

"वयनी, तू फक्त मान हालव," भगीरथनं आत जाऊन बजावलं. "बोलायचं मी बघतो."

मनस्वीला राबाचा प्रसंग बदलून हवा होता. पटकथेतली म्हातारी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजते. शेण, पाला पसरते, वर माती टाकते आणि सकाळभर ते नुसतं धुमसत राहतं. निर्मात्याला मात्र पडदाभर ज्वाळा पाहिजे होत्या.

ठमीनं एकदा मान हलवली, दोनदा हलवली. तिसऱ्यांदा तिला राहवेना.

"ज्वाळा? राब जाळायचा हाय का भाजायचा? वाऱ्याच्या पाठीनं पेटवलास तं पाला भुर्रकन जळंल नि माती थंडीच. वारा जिकडं जातो, त्या टोकाला पेटवायचा. आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू येते, तवा कुठं माती भाजते. मंग रोप बघ कसा येतो!"

मनस्वी हसली. "प्रसंग आहे तसाच राहील, ठमीताई. पुढचा पिक्चरही तुम्हीच लिहा."

भगीरथला आनंदानं उडी मारावीशी वाटली. पण ठमीचा चेहरा पडला.

"मी राब भाजते, गो. लिवलं यानं. खोटा माझ्यानं नाय बोलवत."

एवढं एकच दार उघडं होतं, तेही आता बंद होणार. भगीरथनं खालमानेनं आपलं नाव सांगितलं.

ते काळ्या यादीतलं नाव मनस्वीनं ऐकलेलं होतं. पिशवीतून पटकथा काढून तिनं त्याच्यासमोर ठेवली.

"अर्धा पिक्चर झालाय. निर्माता आता मलाही काढू शकत नाही आणि गोष्टही बदलू शकत नाही. भांडण होईल, होऊ दे. पहिल्या पानावर खरं नाव लिहा."

काळ्या यादीत गेल्यापासूनच्या चार वर्षांत भगीरथनं स्वतःचं नाव कुठल्याच पटकथेवर लिहिलं नव्हतं. पेन कागदावर टेकलं, पण पुढे सरकेना.

"थांबलास कशाला रे?" ठमी म्हणाली. "तुझाच नाव हाय ना?"

त्यानं नुसती मान हलवली. बोलायचं काम आज वहिनीनं केलं होतं.