खांद्यावर अडलेलं पाणी

शिवण विभागातल्या मावशींनी चाळीस जाकिटं शिवायला सरळ नकार दिला आणि प्रयोगशाळेत कुजबुज सुरू झाली. जाकिटं सैनिकांसाठी होती. कमरेला बर्फाची पिशवी, शेजारी मुठीएवढा पंप आणि आतून बारीक पारदर्शक नळ्या. गार पाणी छातीवरून वर चढायचं, खांद्यावरून पाठीत उतरायचं आणि पुन्हा पिशवीत यायचं. रणरणत्या उन्हात पहाऱ्यावरच्या माणसानं कोसळू नये म्हणून तीन वर्षं हा खटाटोप चालला होता.

चाचणीहून परत आलेली सहा जाकिटं उसवताना मावशींना दिसलं, की छातीकडचं कापड स्वच्छ आहे आणि पाठीवर मात्र घामाचं पांढरं मीठ धरलंय. सहाच्या सहा तशीच. चाचणी दिलेल्या एका हवालदाराला त्यांनी गाठलं. पाठ नुसती भाजून निघत होती, तो म्हणाला. मग लिहिलं का नाही, म्हटल्यावर तो ओशाळला. चाचणीच्या फॉर्मवर 'गार वाटलं का' एवढाच प्रश्न होता. छाती गार होती, त्यानं 'हो'वर खूण केली.

सैनिक जाकिटावरून चढवतात ते गोळीरोधक चिलखत मावशींनी जाकिटावर ठेवून पाहिलं. त्याचा पट्टा नेमका खांद्यावरच्या नळ्यांवर बसत होता. प्रयोगशाळेत ज्या पुतळ्यावर जाकीट तपासलं होतं, त्याला चिलखत कधी घातलंच नव्हतं. त्या तडक प्रकल्पाच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी हसण्यावारी नेलं; आराखडा इंजिनिअरांनी केलाय, तुम्ही सुई-दोऱ्याचं बघा, म्हणाले.

"तेच बघतेय, साहेब. हे माझ्या हातून शिवलं जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी काम नाकारल्याबद्दल खुलासा मागणारा मेमो आला. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कशाला नसती आफत ओढवून घेतेस, असं नवऱ्यानं परोपरीनं समजावलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि मेमोखाली उत्तर लिहिलं: 'माझ्या हातचं जाकीट घालून कुणी पडला, तर त्याचा मेमो कुणाला देणार?'

आठवड्यानं संचालक पाहणीला आले. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या हवालदाराला घेऊन आत शिरल्या. साहेबांनी डोळे वटारले, पण संचालकांसमोर मावशींना बाहेर काढता येईना. हवालदारानं जाकीट चढवलं, वर चिलखत आवळलं. मावशींनी पिशवीतल्या पाण्यात निळी शाई ओतली आणि पंप सुरू केला. दहा मिनिटं पंप घरघरत राहिला. मग पंप बंद करून त्यांनी चिलखत उतरवलं, जाकीट काढून टेबलावर उलटं पसरलं. छातीवरच्या नळ्या निळ्याशार होत्या. निळा रंग खांद्याशी येऊन थांबला होता. पाठीवरच्या नळ्यांत एक थेंब नव्हता.

संचालकांनी साहेबांकडे पाहिलं.

"उपाय आहे का?" संचालकांनी विचारलं.

मावशींनी आपल्या कापडी पिशवीतून स्वतः शिवलेलं जाकीट काढलं. त्यात नळ्या खांद्यावरून नव्हे, काखेखालून पाठीकडे वळवल्या होत्या.

पुढच्या महिन्यात हवालदार ते घालून, चिलखतासकट, टळटळीत दुपारी तीन तास चालला. परत आल्यावर त्यानं सगळ्यांपुढे पाठ फिरवून मावशींना हात लावून बघायला सांगितलं. पाठ गार होती. चाळीस जाकिटं त्याच नमुन्यावर शिवली गेली. आराखड्यावर सही साहेबांची होती.

मेमो मात्र कुणी मागे घेतला नाही. कार्यालयातल्या कारकुनानं सुचवलं, की दोन ओळींची दिलगिरी लिहा, फाईल बंद करून टाकतो.

"राहू दे उघडी," मावशी म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.