वेल्डरच्या बायकोची खाज

मित्रांनो, मी त्वचारोगाच्या दवाखान्यातलं एक जुनं भिंग आहे. माझ्या काचेवर ओरखडे आहेत आणि मूठ दोनदा मोडल्यामुळे तिला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. एका लहानशा कारखान्यात मला घासून घडवलं, तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी टपाल तिकिटं किंवा फुलपाखरं येतील. नशिबी आली ती खरूज, गजकर्ण, नायटे आणि माणसांची खाली घातलेली मान.

डॉक्टरबाईंनी मला हातात धरलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. कंपाउंडर थट्टेने म्हणायचा, "बाई, हे भिंग आता स्वतःच औषध लिहून देईल." पुढे दिव्याचं नवं यंत्र आलं आणि मी खणात गेलो. त्या यंत्राची बॅटरी संपली की माझी आठवण होते. अशाच एका दिवशी तो वेल्डर आला.

दूरच्या कामावरून तीन-तीन महिन्यांनी घरी येणारा माणूस, या खेपेला काम संपवून आलेला. म्हणाला, "मित्राला जांघेत खाज सुटते. त्याच्यासाठी काही मलम द्या."

"मित्राची खाज तुम्ही का खाजवताय?" बाईंनी विचारलं. त्याचा हात खिशात होता, तो त्याने गुपचूप बाहेर काढला.

पडदा ओढला गेला. जांघेची कातडी लालभडक सोलवटली होती. गड्याने तिथे ढेकूण मारायचं औषध चोळलं होतं. केसांच्या बुडाशी मला त्या दिसल्या, जांघेतल्या उवा. डोक्यातल्या उवेपेक्षा बुटक्या, रुंद, खेकड्यासारख्या नांग्यांनी केस धरून बसलेल्या. केसांना लिखा चिकटलेल्या.

बाईंनी शांतपणे समजावलं. ढेकणाचं औषध किंवा रॉकेल अंगाला लावायचं नाही. आधी सोलवटलेली कातडी बरी करायची, मग उवांचं पातळ औषध सांगितलं तेवढाच वेळ ठेवून धुवायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचं, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. आतले कपडे, चादरी, टॉवेल कडक गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला. आणि रक्ताची तपासणी, कारण अशा संबंधातून दुसरे आजारही येतात.

"बायकोलाही तपासायला हवं. औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं."

"तिला काही सांगू नका."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

त्याने मान डोलवली. ती मान हो म्हणत नव्हती, सुटका मागत होती. इतक्या वर्षांत मला एवढं कळतं.

दीड महिन्याने त्याच पत्त्यावरून एक बाई आली. शिवणकाम करणारी, बोटांना सुया टोचून घट्टे पडलेले. ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. "मला लांबूनच बघा," म्हणाली. "माझ्यात काहीतरी घाण झालीय. दिवसातून चार वेळा आंघोळ करते. जंतुनाशकाने घासते. तरी जात नाही. नणंदेच्या बाळाला मी महिनाभर उचलून घेतलेलं नाही."

डॉक्टरबाई खुर्ची सरकवून तिच्या जवळ बसल्या. "ही घाण नाही. उवा आहेत. रोज आंघोळ करणाऱ्यालाही होतात. अंगाला अंग लागून येतात, क्वचित एकच अंथरूण किंवा टॉवेल वापरल्यानेही."

तिने बोटावरचा घट्टा चाचपला. मग हलकेच म्हणाली, "मी तर कुठे जात नाही."

डॉक्टरबाईंनी वेल्डरला दिलेला शब्द पाळला. एवढंच म्हणाल्या, "नवऱ्याला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दोघं आली. मधली खुर्ची रिकामी ठेवून बसली. वेल्डरने जमिनीकडे बघत सांगितलं. कामावर असताना एका बाईकडे गेला होता. स्वतः औषध लावलं, घरी तोंड उघडलं नाही. म्हणून त्यालाही पुन्हा झालं होतं.

तिने त्या बाईचं नाव विचारलं नाही.

"मी अंग घासून घासून रक्त काढत होते, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला पाणी तापवून देत होतास."

बाईंनी औषधाच्या दोन बाटल्या आणि रक्ततपासणीचे दोन कागद पुढे केले.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. दोघांच्याही अंगावर ऊ नव्हती, लीख नव्हती. रक्तातही काही निघालं नाही. कंपाउंडर म्हणाला, "चला, सुटलात."

"उवांपासून सुटलो," ती म्हणाली. "त्याच्याशी बोलायला मला वेळ लागेल." मग ती एकटीच जिना उतरली. बाळाला उचलून घ्यायला नणंदेकडे जायचं आहे, असं ती जाताना डॉक्टरबाईंना सांगून गेली होती. वेल्डर थोडा वेळ दारात उभा राहिला आणि मग तिच्या मागे, पण अंतर ठेवून, निघाला.

मित्रांनो, मी थकलो आहे. उवा बघून नव्हे. त्या औषधाच्या दोन बाटल्यांत जातात. थकवतं ते माणसांचं लपवणं. खाज सुटली तर आठवड्याभरात डॉक्टरकडे जा, विषारी औषधं अंगाला चोळू नका, आणि ज्याच्यासोबत अंथरूण वाटून घेता त्याला पहिल्याच दिवशी सांगा. तो चिडेल, रडेल. पण निदान स्वतःच्या अंगाची किळस करत बसणार नाही.