गौरीचे हात

“आनि गवरीला हात कुटले लावायचे?”

तेरड्याची जुडी सुपात ठेवत हौसाने विचारलं. भागोजी पडवीत पाठमोरा बसून होता.

त्यांच्या घरी तेरड्याच्या गौरीला हात लावत ते कळलावीच्या फुलांचे. बुडाशी पिवळी, टोकाला लाल, बोटं उघडल्यासारखी फुलं. उद्या सुनेचा, मैनेचा, पहिला ओवसा, सुपांनी गौर ओवाळायचा मान. बिनहाताच्या गौरीपुढे तिने सूप कसं धरायचं?

“बोला की.”

“मी त्येंच्यावर धोंडे रचलेत गो,” भागोजी म्हणाला.

दाभोळच्या वरच्या सड्याच्या, कातळाच्या माळाच्या, कडेला, गावातल्या जन्नतच्या आंब्याच्या कलमांच्या बागेशी, एकाच जागी ती वेल उगवायची. वैशाखात भागोजीने जन्नतसाठी मजुरीवर तिथूनच गडगा, नुसत्या धोंड्यांचं कुंपण, घातला होता. कळलावीचा कंद उन्हाळाभर भुईत निजतो; वर ना पान, ना काडी. चाळीस वर्षं ज्या जागेवरून फुलं आणली, ती जागा त्या दिवशी नुसती तांबडी माती होती.

“दर साली तुमीच आनलीत, नि तुमीच गाडलीत?” हौसा म्हणाली, आणि सूप उचलून आत निघून गेली. तेच त्याला जास्त लागलं.

जन्नतचा निरोप येऊनही दोन दिवस झाले होते. गडगा बघून जा. कशाला, ते त्याला ठाऊक होतं. भागोजीच्या गडग्यात सुरीचं पातं शिरत नाही, असं गाव म्हणे. पण यंदा शेवटचा वावभर, दोन हात पसरल्याएवढा, तुकडा सैल झाला होता. डोळ्यांपुढे धुकं आलं होतं. धोंडे त्याने बोटांनी चाचपून बसवले होते. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो तुकडा उकलायला पहार खांद्यावर टाकून तो निघाला. मागून हौसा, मैना.

जन्नत बागेच्या बेड्यापाशीच, फाटकातच, उभी होती.

“आलाव एकदाचे, चाचा! दोन दिस बकऱ्या बांधून घातल्यात मी. ही खाल्ली तर मरतील. काय न्यायची ती लवकर न्या!”

“काय खाल्ली तर?”

“तुमची गवर!”

त्याच सैल तुकड्याच्या फटीफटींतून वेल बाहेर आली होती. पानांची टोकं धोंड्यांना वळसे घालून वर चढली होती, आणि माथ्यावर फुलंच फुलं. भागोजीच्या हातातली पहार आपसूक खाली टेकली.

“ह्यो तुकडा नीट नाय जमला,” तो हळूच म्हणाला.

“ठाव हाय. शिमिटाशिवायचा गडगा, सैल आसला तर दुरून दिसतो,” जन्नत म्हणाली.

“मग बोललीस नाय ती?”

“सगला पावसाला उभा ऱ्हायला ना? मग?”

हौसाने पदर डोळ्यांना लावला आणि तिथल्या तिथे गवरीचं गाणं धरलं:

“गवर माजी दमली गो, घाटी चढून आली,
गडग्याला हात टेकून घटकाभर ऱ्हायली.”

“मैने, तू तोड,” भागोजी म्हणाला. “मला आता लाल नि हिरवा येगला दिसत नाय.”

इतके महिने छातीत अडकलेलं वाक्य इतक्या सहज सुटेल, असं त्याला वाटलं नव्हतं. हौसाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातातली पहार काढून तिने आपल्या खांद्यावर घेतली.

मैना फुलं तोडू लागली. भागोजीने सवयीने पायाशी पडलेली जांभ्या दगडाची एक कपची उचलली, वेल आली होती त्या फटीला लावून पाहिली. बरोबर बसत होती.

त्याने ती पुन्हा खाली ठेवली.