उद्या यायचा मुराळी

संयोगितानं निळा शर्ट बादलीत बुचकळला आणि न पिळताच गॅलरीतल्या दोरीवर टाकला. तो टपटप गळू लागला. बघणाऱ्याला वाटावं, घरधन्याच्या अंगातला आत्ताच धुतलाय.

शिमग्यात निघून गेलेल्या विश्वजितचा एवढा एकच शर्ट मागं राहिला होता. हुबळीत त्यानं दुसरं बिऱ्हाड मांडल्याचं अख्ख्या राजारामपुरीला ठाऊक होतं. नागपुरात राहणाऱ्या आईला आणि धाकट्या भावाला, धैर्यशीलला, तेवढं ठाऊक नव्हतं. नागपूर लांब. आज गाडीत बसावं तर उद्या दुपारी कोल्हापूर. लांबचं माहेर म्हणजे दाराला आतून लावलेली कडी. फोनवर हसायचं, "हे ड्यूटीवर गेलेत" म्हणायचं, की झालं.

यंदा मात्र आईनं हट्ट धरला. नागपंचमीला लेक हवीच. भाऊ मुराळी होऊन जाईल, जावयाला रीतसर विचारून तिला घेऊन येईल. सकाळी धैर्यशीलचा फोन आला होता, "अक्का, निघालो गं." गाडी अजून वर्ध्यालाही पोचली नसेल. उद्यापर्यंत घरात एक नवरा उभा करायचा होता. शर्ट झाला, दाढीचा ब्रश झाला. दाराशी ठेवायला चपला खालच्या बाळाबाई देणार होत्या.

बेल वाजली. चपलाच आल्या म्हणून तिनं ओल्या हातानं दार उघडलं.

दारात धैर्यशील. अंगावरची इस्त्रीसुद्धा मोडलेली नव्हती.

तिच्या बोटांवरून पाणी उंबऱ्यावर ठिबकत राहिलं.

"तू... आज? गाडी?"

"विमानानं आलो की! दीड तासबी लागला न्हाय. म्हटलं, अक्काला दचकवूया." त्यानं आत डोकावलं. "दाजी कुठं हायत? त्यांना विचारल्याबिगर तुला आणायचं न्हाय, असं आईनं बजावलंय."

तेवढ्यात जिन्यावरून बाळाबाई धापा टाकत वर आल्या.

"घे बाई, आमच्या मालकांच्या चपला. उद्या तुझा भाऊ येऊन गेला की परत दे, म्हंजे झालं. आन हे पावणं कोण?"

"मीच त्यो भाऊ," धैर्यशील म्हणाला.

बाळाबाईंनी चपला पदराआड घेतल्या आणि त्या जिना उतरल्या.

धैर्यशील उंबऱ्यावरच बसला. चेहऱ्यावरचं हसू पुसायचं राहून गेलं होतं.

"कवापासनं?"

"शिमग्यापासनं."

तो घसा खाकरून म्हणाला, "परवाची विमानाची दोन तिकिटं काढल्यात. आता विचारायचं कुणाला? तुलाच विचारतो. येतीस?"

"आई दारातच असंल न्हवं?"

"भाकरतुकडा घिऊन उभी असंल."

संयोगितानं भिंतीला पाठ टेकली. "दीड तासात न्हाई रं जुळायचे मला शब्द, धैर्या."

त्यानं खिशातून फोन काढला. पडद्यावर दोघांची नावं एकाखाली एक होती. त्यानं ती तिकिटं रद्द केली.

"आगगाडीनं जाऊया," तो म्हणाला. "मनमाडपतूर तू काय बोलली न्हाईस तरी चालंल."