सहावा डबा

मित्रांनो, मी एका जुन्या, मुक्या, विनोदी चित्रपटाच्या रिळांचा सहावा, म्हणजे शेवटचा डबा आहे. माझे पाचही भाऊ गेले. उरलो तो मी आणि माझा वैताग.

आमची गोष्ट साधी. नवरा बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. बायको रोज दुपारी गुपचूप कुठंतरी जाते. शेजारणी कुजबुजतात आणि पाचव्या डब्याच्या शेवटी नवरा तिला घराबाहेर काढतो. ती कुठं जात होती, ते फक्त माझ्या पोटात आहे.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी गुलमंडी पेठेतल्या बद्रीनाथशेठनं आम्हाला स्वस्तात घेतलं आणि जत्रांच्या तंबूंत फिरवलं. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायला सांडू होता. आम्ही मुके, म्हणजे सांडू बोलेल तेच आमचं बोलणं. अन् त्याच्या जिभेला हाड नव्हतं. दुपारी चहाच्या हाटेलात गावच्या कंड्या गोळा करायच्या आणि संध्याकाळी आमच्या तोंडी घालायच्या. वर, एक खेळ जास्तीचा बसावा म्हणून तो मला लावतच नसे. म्हणे, "हसून झालं की लोकं उठत्यात." कपाळ माझं.

वेरूळच्या जत्रेत तर त्यानं कहर केला. पडद्यावरची बायको घराबाहेर पडली, तसा तो म्हणाला, "निघाली बघा कडूबाची आशा, दुपारच्या फेरीला." तंबू हसून लोळला. कडूबा तिथंच बसला होता. गावात कुजबुज आधीपासून होतीच. सकाळी त्यानं आशाबाईला गाडीत घालून माहेरी सोडलं. मी कोपऱ्यात नुसता तडफडत होतो. अरे, मला लावा की. पण ऐकतो कोण?

दुपारी कडूबाची आई लक्ष्मीबाई सांडूला शिव्या घालायला तंबूत आली. दर डबा संपला की तंबूत बत्ती लागायची, ते तिनं आदल्या दिवशी मोजलं होतं. समोर मात्र आम्ही सहा डबे मांडलेले.

"काल पाच खेपा बत्ती लागली. मंग डबे सहा कसे?"

"त्यो शेवटचा हाय, मावशी. त्यात काय मजा नाय."

"आज त्यो लाव. अन् तू गप ऱ्हा."

संध्याकाळी ती कडूबाला ओढूनच घेऊन आली. त्या तंबूत मी पहिल्यांदा पडद्यावर गेलो. माझ्यात बायको एका म्हातारीच्या चुलीपाशी पुरणपोळी शिकत असते आणि नवरा त्याच म्हातारीच्या ओसरीवर चोरून जेवत असतो. तो बोटं चाटत आणखी एक मागतो. वाढायला बाहेर येते ती त्याचीच बायको. लोक पोट धरून हसले. कडूबा हसला नाही.

लक्ष्मीबाई म्हणाली, "ती कुठं जाती, इचारलंस का तिला?"

"नाय."

"म्या बी नाय इचारलं. ऊठ, गाडी जुंप."

आशाबाई मास्तरीणबाईंकडं अक्षरं गिरवायला जात होती. लोक हसतील म्हणून सांगत नव्हती. बस, एवढंच होतं.

पुढं मुका खेळ कुणी बघेना. शेठनं माझे भाऊ सेल्युलॉइडच्या बांगड्या करणाऱ्याला विकले आणि तो त्यांना वितळवून मोकळा झाला. मला लक्ष्मीबाईनं मागून घेतलं. आता मी तिच्या पेटीत आहे. शेवट शाबूत, सुरुवात गायब. कुणी माझं रीळ उजेडाला धरलं की विचारतं, पोळी बघून हा माणूस एवढा दचकला का? काय सांगू, डोंबल?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण त्याआधी माझं झाकण वाचा. आशाबाईनं त्यावर रंगानं, वाकड्या अक्षरांत, स्वतःच्या हातानं लिहिलंय: आधी हा डबा बघा. मग बोला.